आईनं धरलेल्या चार रात्री

आमच्या घरात मी घोरते हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं, हैदराबादेत, एका अनोळखी डॉक्टरसमोर आ वासून बसले असताना. त्यांनी घशात टॉर्च मारला, जीभ दाबून पाहिली, खालचा जबडा बोटांनी चाचपला आणि विचारलं, "झोपेत घोरता का?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मग घरी फोन करून विचारा. मी थांबतो."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला. आई दुकानात होती. लातूरला गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि तिथं दिवसभर स्टीलचे डबे एकमेकांवर आदळत असतात, त्यामुळे हा प्रश्न मला व्हरांड्यातल्या चार माणसांदेखत ओरडून विचारावा लागला.

"आई, मी झोपेत घोरते का?"

आईनं पलीकडे कुणाला तरी डबे खाली ठेवायला सांगितलं. मग आई म्हणाली, "कोन इचारलालंय?"

"डॉक्टर."

"मग न्हाई म्हन."

"अगं पण खरं काय आहे?"

"थोडंसं हाय. ल्हानपनापासून. पन तू न्हाईच म्हन, माय. पोरीच्या जातीनं असलं काय लिहून देऊ नये."

म्हणजे शाळेच्या सहलीला मला कधीच मुक्कामी पाठवलं नाही, ते यासाठी. मावशीकडे राहायला गेले की आई माझं अंथरूण स्वतःजवळ, भिंतीकडे घालायची, तेही यासाठी. वीसेक वर्षं एवढ्या मोठ्या खटल्यानं एकही शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ज्याची मूठ त्यालाच ती उघडून दाखवली नव्हती.

मी आत गेले आणि म्हटलं, "हो, थोडंसं घोरते."

मला खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही. व्यापाऱ्याच्या घरात वाढले आहे. पण विमान शिकवणाऱ्यांनी दोन वर्षं एकच गोष्ट डोक्यात घातली होती की काही बिघडलं असेल तर ते जमिनीवर असतानाच सांगून टाका. मी जमिनीवर होते, सांगून टाकलं. अर्ध्या तासानं हातात कागद आला: तात्पुरत्या अपात्र.

याचा अर्थ थोडक्यात सांगते. विमान चालवणाऱ्याला लायसन मिळालं म्हणजे झालं, असं नसतं. दर वर्षी डोळे, कान, हृदय, सगळं तपासून मेडिकलचा कागद नवा करून घ्यावा लागतो. तो कागद चालू नसेल तर लायसन म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. माझी एका कंपनीत निवड झाली होती. दिवाळीनंतर नव्या मुलामुलींची तुकडी घेणार होते आणि त्यांच्या पत्रात एकच अट ठळक अक्षरांत होती, ती या कागदाची. आता मला सांगण्यात आलं की झोपेची तपासणी करा, काही निघालं तर तीन महिने उपचार घ्या, उपचाराची नोंद घेऊन या, मग बघू. जुलै निम्मा संपला होता. बोटांवर मोजलं तर जेमतेम बसत होतं.

मला वाट बघता येत नाही. सिग्नलला उभं राहणं हीसुद्धा मला शिक्षा वाटते. आई म्हणते मी नववा महिनाही लागू दिला नाही, आठव्यातच आले. अशा माणसाला तीन महिने घरी बसून झोपायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल.

तपासणी लातुरातही झाली असती. पण आई म्हणाली, "लातुरात नको. कंपाउंडर कुनाचा तरी पाव्हना निघतो, अन् सांजच्याला गोलाईभर होतंय." म्हणून आम्ही नांदेड गाठलं. वडील, म्हणजे अप्पा, सोबत आले. छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक खोली होती. तिथं माझ्या डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या, नाकाखाली नळी लावली, बोटाला चिमटा लावला आणि म्हणाले, आता नेहमीसारखं झोपा. मी छताकडे बघत पडून राहिले. बाहेरच्या बाकावर अप्पा पाचव्या मिनिटाला झोपले, ते मला आतून ऐकू येत होतं.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत, बोलणं खास नांदेडी. सकाळी कागद बघून म्हणाले, "बेटा, तासाला अकरा वेळा तुझा श्वास अडतो. जीभ मागं पडती, रस्ता बंद होतो. जबडाच लहान हाय तुझा, वजनाचा काय संबंध न्हाई. स्लीप ॲप्निया म्हणतात. घाबरायचं कारण न्हाई, सौम्य हाय."

सौम्य या शब्दाचा मला भयंकर राग आला. सौम्य असेल तर सोडून द्या ना. सौम्य गुन्ह्यासाठी कुणाला तीन महिने आत टाकतात का? डॉक्टर हसले आणि म्हणाले की विमानात मागं दीडशे माणसं बसलेली असतात, तिथं दुपारी दोन वाजता पायलटचा सौम्य डोळा लागूनसुद्धा चालत नाही. खरं तर प्रशिक्षणाच्या वर्गात दुपारी माझी मान पडायची आणि मी ते जेवणावर ढकलायची.

त्यांनी एक यंत्र दिलं. बुटांच्या खोक्याएवढं, त्याला लांब नळी आणि नाकावर बसवायचा मास्क. झोपताना ते हवेचा दाब देत राहतं, रस्ता उघडा ठेवतं, आणि आतल्या कार्डावर सगळं लिहून घेतं: किती तास लावलं, किती वेळा श्वास अडला, किती जोर द्यावा लागला. "रोज रात्री लावायचं," डॉक्टर म्हणाले. "एकही रात्र सोडायची न्हाई. तीन महिन्यांनी कार्ड घेऊन या, मी छापून देतो. तोच तुझा पुरावा."

घरी येऊन मी हे सगळं आईला सांगितलं. तिनं बाकीचं कितपत ऐकलं कोण जाणे, पण 'एकही रात्र सोडायची नाही' हे तिनं पक्कं धरलं. दुसऱ्या दिवशी बघते तर यंत्राच्या कपाळावर, म्हणजे जिथं बटण आहे तिथं, विभूतीचे तीन पट्टे ओढलेले. मी पुसायला गेले तर म्हणाली, "असू दे. तुझ्या श्वासाचं हाय ते." यंत्रात डिस्टिल वॉटर घालावं लागतं, ते आणण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. शेजारच्या काकूंनी एकदा दारातून नळी पाहिली, तर आईनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "वाफेचं मशीन हाय. विमानात एसी लई असतो ना, सर्दी होती पोरीला."

मी चिडले. म्हटलं, हा काय गुन्हा आहे का लपवायला? आई म्हणाली, "गुन्हा न्हाई. पन उदगीरच्या लोकांचं अजून उत्तर यायचंय." उदगीरहून एक स्थळ आलं होतं. मी त्या मुलाचा फोटोसुद्धा धड पाहिला नव्हता, आणि त्याच्यासाठी माझ्या नाकाचं गुपित राखलं जात होतं.

पहिला आठवडा मास्क ओरबाडून काढण्यात गेला. दुसऱ्यात सवय झाली. तिसऱ्यात मला एक गोष्ट कळली, जी मी रागाच्या भरात कुणाला सांगितली नाही: दुपारी झोप येत नव्हती. डोकं स्वच्छ राहायचं. पण ते स्वच्छ डोकं घेऊन करायचं काय? आभाळ मोकळं असलं की मी स्कूटी काढून विमानतळाच्या रस्त्याला जायची, कुंपणाबाहेर उभी राहायची आणि रिकाम्या धावपट्टीकडे बघत उभ्या उभ्या मनात उतरण्याची सगळी तयारी म्हणायची. वेग, पंखांची झडप, चाकं. शेरडं हाकणारी एक बाई रोज मला बघायची. एकदा तिनं विचारलं, "कुनाची वाट बघलालीस, बाई?" मी म्हटलं, कागदाची.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नेम मोडत नाहीत. एकदा कुणी सोमवार धरले की धरले. ज्यानं धरले तो तापानं फणफणला, परगावी अडकला, परीक्षेला बसला, तर त्याचा सोमवार घरातलं दुसरं कुणीतरी धरतं आणि तो त्याच्याच नावावर जमा होतो. माझ्या बारावीच्या वर्षी मी उत्साहात सोळा सोमवार बोलून बसले आणि पाचव्यालाच क्लासबाहेर वडापाव खाल्ला. उरलेले आईनं धरले. सिद्धेश्वराला जाऊन तिनं माझ्या नावानं बेल वाहिला, आणि मार्क मला पडले. अप्पांचे नेम तर निम्मे आईच्याच पोटातून गेले आहेत. कोणी धरलं याला महत्त्व नाही, खंड पडता कामा नये, एवढंच.

ऑगस्टमध्ये लोह्याला मैत्रिणीचं लग्न होतं. दोन रात्रींचा मुक्काम. मी यंत्र बॅगेत भरायला घेतलं तर आईनं हात धरला. "लग्नाच्या घरात वीस बाया एका खोलीत झोपतेल. त्यात तू ही सोंड लावून बसनार का?" मी म्हटलं, दोन रात्री कोऱ्या जातील. ती म्हणाली, "त्याची काळजी तू करू नको." मला वाटलं, ती माझी समजूत घालते आहे. सप्टेंबरात शिरूर अनंतपाळला अप्पांच्या चुलत्यांचं दिवसकार्य होतं. अप्पा आणि मी गेलो, आई दुकानासाठी मागं राहिली. पुन्हा दोन रात्री, पुन्हा तेच बोलणं, पुन्हा यंत्र घरीच. चुकलं ते माझंच. वीस बायांना काय वाटेल याची भीती मलाही होती, फक्त मी ती आईच्या नावावर खपवली.

तीन महिने झाल्यावर कार्ड घेऊन नांदेडला निघाले. दिवाळी तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून अप्पांऐवजी आई आली. एसटीत अहमदपूरपासून लोह्यापर्यंत मी मनात चार कोऱ्या रात्रींचं स्पष्टीकरण रचत होते. आई खिडकीला डोकं टेकवून झोपली होती.

डॉक्टरांनी कार्ड संगणकाला लावलं. पडद्यावर हिरव्या पट्ट्या उभ्या राहिल्या, एका रात्रीची एक. "शाबास," ते म्हणाले. "एकसुद्धा रात्र सुटलेली न्हाई."

मी बोलणार होते, पण गप्प बसले. आपोआप मिळतंय तर आपण तोंड कशाला उघडायचं, असं मला वाटलं. तेवढ्यात डॉक्टरांचा हात थांबला.

"हे काय?"

चार पट्ट्या लाल होत्या. दोन ऑगस्टातल्या, दोन सप्टेंबरातल्या.

"बाकी रात्री तासाला दोन-तीन वेळा. एकदम छान. अन् या चार रात्री? मशीननं शेवटपर्यंत जोर लावलाय, तरी तासाला सव्वीस, अठ्ठावीस." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बेटा, खरं सांग. या रात्री काय घेतलं होतं? झोपेची गोळी? दारू?"

पायलटसाठी यातलं कुठलंही उत्तर म्हणजे खेळ खलास. घेतलं नव्हतं, पण मग हे काय होतं? मी तर त्या रात्री यंत्राच्या जवळपासही नव्हते, आणि हे सांगितलं तर कार्डावर लिहिलंय ते कुणाचं?

आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "ते मी लावलं होतं."

डॉक्टरांना कळलं नाही. "काय लावलं होतं?"

"ते मशीन. ही गावाला गेली होती. तुमी म्हनलात ना, एक रात सोडायची न्हाई. मग मी धरल्या तिच्या चार राती. नीट आठ आठ तास लावून झोपले. नेम मोडला न्हाई."

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टर हसतील असं वाटलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच आईकडे नीट पाहिलं.

"ताई, दुपारी दुकानात डोळा लागतो का?"

"लागतो की. पहाटं उठलेलं असतंय."

"बीपीची गोळी?"

"चार-पाच वर्सं झाली."

"रात्री दचकून उठता?"

"वय झालं की समदंच होतंय, डॉक्टरसाहेब."

"वयाचं न्हाई हे," डॉक्टर म्हणाले. "मशीन लावून सव्वीस, तर बिगर मशीनचं किती असंल? मुलीचं सौम्य हाय. तुमचं सौम्य न्हाई. आज रात्री इथंच थांबा, तपासणी करून टाकू."

आईनं पिशवी घट्ट धरली. "न्हाई. आधी हिचा कागद होऊ द्या. आईला हाय म्हनल्यावर रक्तातलंच हाय म्हनतेल, मग हिला कोन इमान देतंय?"

"असा काही नियम नसतो, ताई."

"आज नसंल. उद्या करतेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी बोलायचं होतं. आणि मी म्हणाले, "दिवाळीनंतर करू, सर."

हे लिहिताना मला लाज वाटते. मला आईचं म्हणणं चुकीचं आहे हे कळत होतं. कागद आणि तिचा श्वास यांचा काडीचा संबंध नव्हता. पण 'तुझं आधी' हे ऐकायला बरं वाटलं, आणि मी ते घेतलं. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला आणि माझ्या कागदाकडे वळले. म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक तर कार्ड पुसून पहिल्यापासून तीन महिने मोज. नाहीतर आहे तसं छापून मी खाली खरं कारण लिहून देतो, मग तिथले ठरवतील. चार रात्री गाळून मी देणार नाही. मी दुसरा रस्ता घेतला, कारण तो लवकरचा होता.

हैदराबादेत तेच डॉक्टर होते. त्यांनी खालचा मजकूर दोनदा वाचला. सदर चार रात्री यंत्र रुग्णाच्या मातोश्रींनी वापरले. मग शांतपणे म्हणाले, "एका कार्डावर दोघींचे श्वास आहेत. इथं तुम्ही चार सांगता. पाचवी नसेल कशावरून? नव्वद रात्री तुम्ही झोपलात की त्या, हे मी कशाच्या आधारावर लिहू?" त्यांच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. आणखी तीन महिने, नवं कार्ड. दुष्काळात तेरावा महिना. कंपनीला कळवलं, तर त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं की ही तुकडी तुमच्याविना सुरू होईल, पुढच्या वेळी विचार करू.

लातूरपर्यंतच्या प्रवासात मी आईला बोलायची वाक्यं जुळवत आले. चांगली धारदार होती. माझ्या श्वासातही तुला हात घालायचा होता का? लोकांना कळू नये म्हणून तुम्ही मला नाकानिशी लपवलंत आणि शेवटी माझ्या कागदावर तूच दिसलीस. अशी बरीच. बसस्टँडवरून घरी न जाता तडक दुकानात गेले.

दुपारचे तीन वाजले होते. अप्पा जेवायला घरी गेलेले. आई गादीवर, पातेल्यांच्या उतरंडीला पाठ टेकवून झोपली होती. तोंड उघडं, मान एका बाजूला. घोरत होती. मी बॅग खाली ठेवली आणि तिला हलवायला वाकले, तेवढ्यात घोरणं थांबलं.

मी थांबले. छाती हलत होती, पोट हलत होतं, पण नाकातोंडातून काहीच येत नव्हतं. हवेसाठी आतल्या आत ओढाताण चालली होती. मी सवयीनं घड्याळाकडे बघून मोजायला लागले. दहा. पंधरा. वीस. समोर रस्त्यावरून ऑटो जात होते, कुणी तरी कढईचा भाव विचारून निघून गेलं. पंचवीस. आईचे ओठ मला निळसर वाटले, की तो स्टीलचा उजेड होता, माहीत नाही. तीस. एकतिसाव्याला ती पाण्यातून वर आल्यासारखी मोठ्यानं ओढ घेत जागी झाली. मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली,

"आलीस? झाला का कागद?"

माझी सगळी वाक्यं गेली. मी तिच्याशेजारी गादीवर बसले. ढगात शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसेनासं झालं होतं, तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

"नाही झाला," मी म्हटलं. "उद्या नांदेडला जायचंय."

"कामून?"

"तुझ्यासाठी."

"तुझं झाल्यावर—"

"माझं तीन महिने होत नाही आता. तोपर्यंत मी तुझ्या नावचा श्वास घेऊ शकत नाही, आई. हा नेम बदलीवर चालत नाही."

आई बरं म्हणाली. वाचवायला कागदच उरला नव्हता म्हणून तयार झाली की माझा चेहरा बघून, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तासाला अठ्ठेचाळीस निघालं. डॉक्टर मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आठ दिवस उशीर केलास, बेटा," आणि आईच्या मापाचा मास्क काढायला आत गेले.

पुढचे तीन महिने घरात दोन यंत्रं होती. दोन्हींवर विभूती. शेजारच्या काकूंना आता वाफेचं काही सांगता येईना, तेव्हा आईनं सरळ सांगून टाकलं, आणि आठवड्याभरात काकू स्वतःच्या यजमानांना घेऊन तपासणीची चौकशी करायला आल्या. उदगीरहून नकार आला, तो घोरण्यामुळे नाही, मुलगी विमान चालवते म्हणून. मी कुठल्याही लग्नाला गेले नाही. बाकी जिथं गेले तिथं यंत्र घेऊन गेले. अस्वस्थ तर होतेच, दर सकाळी उठून पहिलं कार्ड काढून बघायची, जणू त्यावर डोळ्यांना काही दिसणार होतं. पण कुंपणाबाहेर उभी राहायला जाणं मात्र मी सोडलं.

फेब्रुवारीत कागद झाला. पात्र, यंत्र वापरण्याच्या अटीवर. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं, पुढच्या तुकडीत घेतलं होतं. त्या दिवशी अप्पांनी दुकानात पेढे वाटले. रात्रीचं जेवण झालं, आई ओट्यापाशी पातेलं पुसत होती आणि मी ताट घेऊन उभी होते. आनंद होता, पण मनात कुसळ राहिलं होतं, ते बाहेर आलंच.

"आई, त्या चार रात्री तू मधे पडली नसतीस तर मी दिवाळीतच गेले असते."

आई पुसायची थांबली नाही. "हाव, चुकलं माझं. पन मला तवा वाटलं, देवाला पोचलं."

"कशावरून?"

"त्या चार दिवशी सकाळी उठले तर डोकं दुखत नव्हतं."

मला आधी नीट कळलं नाही. "एरवी दुखतं?"

"सकाळी समद्यांचंच दुखतंय की. उठून चहा घेतला, घंटाभर गेला, की उतरतंय." ती माझ्याकडे बघून थांबली. "तुझं न्हाई दुखत?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाचंच नाही दुखत, आई. कधीपासून आहे हे?"

"तू झाल्यापासून असंल."

मी ताट ओट्यावर ठेवलं. "मग एवढं बरं वाटलं होतं, तर मी परत आल्यावर मागितलं का नाहीस? मी दिलं नसतं का?"

आईनं पातेलं फळीवर पालथं घातलं.

"मी कामून मागू?" ती म्हणाली. "ते तुझं होतं."